पडवळाच्या मांडवातला मूळपुरुष

सांगली, सोमवार

तीर्थस्वरूप अण्णांना दादासोचा वाकून नमस्कार. गुडघा काय म्हणतोय? वहिनींचा खोकला? आम्ही इकडे देवाच्या दयेनं ठणठणीत आहोत, फक्त घरात माझ्याशी कोणी बोलत नाही. (फोनच केला असता, पण तुम्ही तो स्पीकरवर लावता आणि आपल्या घरातलं सगळं शिराळ्याला कळतं.) पण अण्णा, आधी आनंदाची बातमी. आपला मूळपुरुष सापडला!

भार्गवीचं वाईच्या लालासाहेबांच्या अनीशशी जमत आलेलं तुम्हाला ठाऊकच आहे. पोरगा शिरवळला कारखान्यात इंजिनिअर, मान खाली घालून हसणारा. आपली पोरगी तर त्याचं नाव निघालं की उगाच खिडकी पुसायला लागते. शनिवारी सुपारी फुटायची होती. लालासाहेब म्हणाले, आधी जरा आमचा मुलूख बघा. म्हणून दोन्ही घरं एका जीपमध्ये कोंबून आम्ही धोमच्या बाजूला एका भैरवनाथाच्या देवळात गेलो. आता जुना दगड दिसला की माझं काय होतं ते तुम्ही जाणता. (लग्न झाल्यावर अंजनाला अजिंक्यताऱ्यावर नेलं होतं, तर सगळ्या फोटोंत बुरूज आहेत. एका फोटोत तिचा पदर आहे.)

दीपमाळेच्या पायाशी एक कोरीव दगड होता. त्यावर उकिडवा बसलेला माणूस आणि त्याच्या डोक्यावर लोंबणारे लांबलचक साप. साप दिसल्यावर मला शिराळा आठवणारच. नागपंचमी, शिराळा, आपलं घराणं असा धागा जोडत मी व्याख्यान सुरू केलं. होणाऱ्या व्याह्यांवर छाप पडत होती. तेवढ्यात मागून अंजना म्हणाली, "साप कुठं मांडवाला लोंबतात? पडवळं आहेत ती." देवळाचे गुरव तात्याबा खूश झाले. "बराबर वळखलं वैनींनी," म्हणाले आणि त्यांनी हकिकत सांगितली. फार पूर्वी गावावर धाड आली. थोरले भाऊ तलवारी घेऊन वेशीवर गेले, धाकटा परसातल्या पडवळाच्या मांडवात जाऊन बसला. लढणारे कामी आले, हा राहिला. त्यानंच पुढं हा दगड बसवला आणि शपथ घातली, माझ्या वंशात पडवळ कोणी खायचं नाही. त्याचा एक मुलगा तिथंच राहिला, दुसरा कृष्णेच्या काठाकाठानं खाली सांगलीकडं गेला.

अण्णा, माझ्या अंगावर काटा आला. आपल्यात पडवळ का खात नाहीत हे आजोबांनाही सांगता येत नव्हतं. आपलं मूळगाव वर कृष्णाकाठी कुठंतरी, एवढंच ते म्हणायचे. (आपला पूर्वज लढाईत पडला असं मी आजवर ज्याला त्याला सांगत आलोय, ते तूर्त बाजूला ठेवू. तो पडला असता तर आपण कुठून आलो असतो?) हे सगळं मी भर देवळात सांगितलं, तर लालासाहेब डोळे मोठे करून म्हणाले, "आवं, पडवळ आमच्यात बी खात न्हाईत. का ते आज कळालं. त्यो हितं ऱ्हायलेला पोरगा आमचाच की." झालं. मी त्यांना कडकडून मिठी मारली आणि म्हणालो, "म्हणजे आपण भाऊबंद!"

मिठी सुटायच्या आत मला कळलं, आपण काय बोलून बसलो ते. भाऊबंदांत कुठं सोयरीक होते? भार्गवीसाठी आणलेली साडी लालासाहेबांच्या मंडळींनी गुपचूप पुन्हा पिशवीत सारली. अनीश त्या उकिडव्या माणसाकडं असा बघत होता की मी मध्ये उभा राहिलो, दगडाला काही होऊ नये म्हणून. परतीच्या वाटेवर जीपमध्ये फक्त हॉर्न बोलला. घरी आल्यावर भार्गवी एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्हाला पूर्वज मिळाला, माझा नवरा गेला." तेव्हापासून पोर धड जेवलेली नाही आणि मला तिच्याकडं बघवत नाही. तरीपण शोध मोठा आहे, हे तुम्ही मान्य कराल.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
दादासो

ता.क. खरं काम पुढंच आहे. येत्या रविवारी लालासाहेबांना हातापाया पडून पुन्हा बोलावलंय. घराण्यात तुम्ही थोरले, तुमचा शब्द शेवटचा. सर्वांदेखत पडवळाची भाजी दोनदा मागून खायची आणि म्हणायचं, "दादासोला काय कळतंय, आपल्यात पहिल्यापासून खातात." म्हणजे आपण त्या वंशातले नव्हेच. तोंड वाकडं करू नका. मी काल चोरून खाऊन बघितलं, शपथ घालण्यासारखं काही नाही त्यात. मूळपुरुष गेला तर जाऊ दे, पोर हसली पाहिजे.

ता.क. २. पाकीट चिकटवणार तोच लालासाहेबांचा फोन. "दादासो, रातीला आमच्यात समद्यांनी पडवळ खाल्लं. म्हातारीनं बी. आता आमी काय त्या वंशातलं न्हाई, सुपारीची तयारी करा." भार्गवी शेजारीच उभी होती, ती रडता रडता हसायला लागली. आणि अण्णा, लक्षात आलं का? तो मूळपुरुष आता आपल्या एकट्यांचा झाला! तेव्हा रविवारी या जरूर, पण पडवळाला बोटसुद्धा लावू नका. फक्त मी काल खाल्लंय हे कुणाला बोलू नका, नाहीतर सगळ्या घराण्यात नवरीचा बापच तेवढा परका ठरायचा.