दाराजवळची खुर्ची

३ मे

चि. घुम्यास,
अ. उ. आ.

वीस जुलैला माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलंय. सोबत घरचं माणूस लागतं. लेकीला रजा नाही, म्हणजे उरलास तूच.

आईच्या वेळी डॉक्टरांनी नातेवाइकांना हाक मारली आणि तू जिन्यात जाऊन बसलास. तिची शेवटची भेट हुकली. ते मी विसरलेले नाही. दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवतोस, पण एकाही तोंडाकडे बघत नाहीस! डॉक्टरीणबाईंनी सुचवलेल्या त्या माणसांना बुजणाऱ्यांच्या गटात एकदा जा. मला भीती वाटतेय रे, तिथे तू हवास.

लोभ आहे, त्याच्याखाली रागही आहे.
ताई

२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गटात जातोय. पहिल्या दिवशी सहाची वेळ होती. भरल्या खोलीत शिरायला नको आणि पळायला दाराजवळची खुर्ची मिळावी, म्हणून साडेपाचलाच पोचलो. बघतो तर गटातले बाकीचे आठहीजण त्याच हिशोबाने हजर! ती खुर्ची मोकळी ठेवून सगळे भिंतीला टेकून उभे. शेवटी समुपदेशक बाई आल्या आणि तिच्यावर बसल्या.

मग एक निवृत्त पोस्टमन म्हणाले, की दारावर कुणी आलं की ते नळ सोडतात, म्हणजे आंघोळ चाललीय असं वाटावं. ताई, मी वीस वर्षं हेच करतोय! हा वेडेपणा माझ्या एकट्याचाच वाटायचा. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

आता दर गुरुवारी माझी तालीम असते. पोस्टमनकाका दार उघडून विचारतात, पेशंटबरोबर कोण आहे. मी उभं राहून, मी आहे, असं म्हणायचं. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. कुणी हसलं नाही, सगळे त्यातून गेलेले. आता फुटतो. वचन देत नाही, पण येतो.

जिन्यातल्या माणसावरही लोभ असू दे.
तुझा घुम्या

२६ जुलै

चि. घुम्यास,
अ. उ. आ.

सुखरूप आहे. टाके ओढतात, म्हणून हसायला बंदी. आणि नेमकं काल नर्सने फोनवर सगळं सांगितलं. दार उघडून पेशंटबरोबर कोण, असं विचारलं की तू प्रत्येक वेळी ताडकन उभा राहून, मी आहे, म्हणायचास. तीन अनोळखी पेशंटांचा नातेवाईक झालास म्हणे! चौथी मी.

शुद्धीवर आले तेव्हा आधी दाराकडे पाहिलं. तिथली खुर्ची रिकामी होती. गेलास, असं वाटून डोळे भरून आले. मान वळवली, तर तू उशाशी.

राग संपला. आता नुसता लोभ.
ताई