भिंगरीची खुर्ची

३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
भिंगरीचा साष्टांग नमस्कार.

पोचले. पाण्याचा प्लांट चालू झाला. एक पंप सारखा खोकतो, अगदी आपल्या खालच्या मजल्यावरच्या काकांसारखा. आपल्या वसाहतीत खोल्या कमी, म्हणून मला या ग्रहावरच्याच लोकांच्या एका घरात जागा दिली आहे. आपली माणसं यांना लांबुळके म्हणतात. तू म्हणू नकोस, त्यांना लागतं. उंच, राखाडी, अंग कायम ओलं, आणि डोळ्यांना पापण्या नाहीत. पण अगत्य विचारू नकोस! जेवायला सगळे दगडी बैठकांवर गोल करून बसतात. त्यातली एक रिकामी होती. मी आत गेले तसे सगळे उठून उभे राहिले आणि घरमालकिणीने मला तिकडे बसायची खूण केली. बस म्हटलं की आढेवेढे न घेता बसावं, हे तुझंच शिक्षण, बसले. तर सगळे एका सुरात गुणगुणायला लागले आणि त्यांच्या धाकट्या मुलीने माझा हात सोडलाच नाही. इतका मान मला ऑफिसात कधी मिळाला नव्हता.

गुडघ्याला तेल लावत जा. माया आहेच, ती पत्रातूनही दिसू दे.

तुझी भिंगरी

५ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

आढेवेढे घेऊ नयेत हे मला कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलं. बसण्याआधी जागा कोणाची ते विचारावं, हेही त्यांनीच शिकवलं. ते तू सोयीस्करपणे विसरलीस. माझी सगळी नोकरी हॉस्पिटलच्या वॉर्डात गेली. रिकाम्या खाटेभोवती नातेवाईक कसे उभे राहतात ते मला कुणी सांगायला नको. विचार त्यांना, ती बैठक कोणाची होती.

इथे वरच्या मजल्यावरच्या बाई परवा आल्या आणि सरळ तुझ्या खुर्चीत बसायला निघाल्या. मी त्यांना स्टूल दिलं. फुगल्या. फुगू देत! तू येईपर्यंत त्या खुर्चीत कुणी बसायचं नाही, मीसुद्धा नाही.

अंग कोरडं ठेव आणि मला विसरू नकोस.

तुझी मावशी

२ एप्रिल

ती. मावशीस,
नमस्कार.

विचारलं. बैठक त्यांच्या थोरलीची. मागच्या पुरात ती वाहून गेली. यांचा धर्म असा, की देवाने जगात जागा मोजून केल्या. माणसं झिजतात, जागा झिजत नाहीत. जागा रिकामी राहिली की तिथे भोक पडतं आणि त्यातून ‘बाहेरचं’ आत येतं. म्हणजे काय, ते कुणी सांगत नाही. विचारलं की दाराकडे बघतात. यांच्यातल्याच कुणाला तिथे बसवलं तर त्याची जागा रिकामी होते, म्हणून परका माणूस आला की यांना देव पावल्यासारखं होतं. घरमालकीण आता मला थोरली म्हणते. गंमत सांगू? मागच्या जिन्याची एक पायरी निसटती आहे. कुणी न सांगता मी ती ओलांडून जाते.

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. हसतील असं वाटलं होतं. खुर्चीचं आलं आणि सगळे दाराकडे बघायला लागले. घरमालकिणीने विचारलं, ती खुर्ची खरंच रिकामी आहे का. मी हो म्हटलं. घाबरले गं सगळे. तुझ्यासाठी घाबरले.

भिंगरी

६ मे

चि. भिंगरीस,
आशीर्वाद, आणि कान इकडे कर.

तुझी आई गेली त्याच आठवड्यात तू मला आई म्हणालीस. एवढीशी होतीस. मी तुला मांडीवर घेऊन सांगितलं की मी मावशी आहे, आणि मावशीच राहीन. तिची जागा मी घेतली नाही, दुसऱ्या कुणाला घेऊ दिली नाही. कुठलं भोक पडलं? ती जागा रिकामी होती म्हणूनच आपण दोघी रोज तिचं नाव काढत आलो.

त्या बाईंना माझा निरोप सांग. त्यांच्या मुलीचं मला मनापासून वाईट वाटतं. पण मुलगी म्हणजे रजेवरच्या नर्सची बदली नव्हे. येत्या यानाने निघ. पंप गेला खड्ड्यात.

वाट बघते आहे, हे दोनदा लिहायला लावू नकोस.

तुझी मावशी

४ जून

मावशीबाईंस,
नमस्कार.

आपलं पत्र पोचलं. येणं जमणार नाही. मी उठले तर इथे पुन्हा भोक पडेल. माझी आई म्हणून आपण जिच्याबद्दल लिहिलंत ती बाई कोण, ते मला आठवेना. घरात विचारलं, त्यांना मी तिच्याबद्दल पूर्वी कधीतरी सांगितलं होतं म्हणे.

आपण काळजी करू नये. आमची धाकटी आपल्याकडे निघाली आहे. तिच्या बैठकीवर वसाहतीतला कंपाउंडर बसला आहे, त्यामुळे इकडे उणं काही नाही. तिला बोलायला, लिहायला मी शिकवलं आहे. पाठ ताठ ठेवून बसायलाही. तिला भिंगरी म्हणावं. मला ते नाव आता लागत नाही.

आपली,
थोरली

७ जुलै

चि. भिंगरीस,
हो, भिंगरीसच. थोरली नावाच्या कुणाला मी ओळखत नाही. आशीर्वाद.

ती सकाळी आली. जिन्यात पाण्याचं थारोळं झालंय आणि वरच्या बाई कठड्यावरून वाकून बघताहेत. दार उघडलं तर तुझ्या आवाजात मला मावशी म्हणाली आणि बसू का म्हणून विचारलं. तुझ्या आवाजात, भिंगरे! तोंडावर दार आपटायला हवं होतं, पण ती इतकी भिजलेली होती की मन झालं नाही. मी तिला सांगितलं, जागा नाही. आणि ती बघत असतानाच तुझ्या खुर्चीत जाऊन बसले. झाली का भरलेली? तिथूनच हे लिहिते आहे. या खुर्चीचा एक पाय आखूड आहे, कधी बोलली नाहीस.

ती उंबऱ्याशीच उभी आहे. सांगितल्याशिवाय आत येत नाही. सिस्टरांना आवडली असती. मी इथून हलणार नाही. मला उठवायचं असेल तर तू ये, दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून मी उठणार नाही.

माया होती तशीच आहे, आणि ती भिंगरीची आहे.

तुझी मावशी

ता. क. ती आता तुझ्या खुर्चीकडे बघत नाही. टेबलाच्या पलीकडे माझी खुर्ची आता रिकामी आहे, तिच्याकडे बघते आहे. आणि गुणगुणायला लागली आहे.