एझ्राचं मधलं नाव

प्रिय उर्वी,

हे पत्र तुला अळूच्या जुडीबरोबर मिळेल, तेव्हा आधी एक विनंती: नवऱ्यावर चिडू नकोस. गेले चार महिने डॅनियल दर शनिवारी अल ऐनहून दीड तास गाडी चालवत दुबईला येतो, तो कसल्याही वर्कशॉपसाठी नाही. तो इथे करामा भागात, आपल्याच घरी, तुझ्या आईच्या हातचं थालीपीठ खात माझ्यासमोर बसलेला असतो. निघताना अळू आणि कढीपत्ता मी निवडून देतो. अमेरिकन माणसाला काळ्या देठाचं अळू बरोबर कसं सापडतं, हा प्रश्न तुला एकदाही पडला नाही? तू माझीच मुलगी ना?

सुरुवात अशी झाली. फेब्रुवारीत एका सकाळी बेल वाजली, दारात हा उंच माणूस, हातात बुटांचा खोका. आयोवातली त्याची आजी गेल्यावर त्याच्या आईने घरातले जुने कागद कुरियरने पाठवले होते. बायबलच्या कोऱ्या पानांवर हाताने लिहिलेल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, पत्रं, वर्तमानपत्रातली कात्रणं. आयोवात पहिल्यांदा शेती करणाऱ्या एझ्रा नावाच्या पूर्वजाची हकीकत त्याला बाळ यायच्या आत लिहून काढायची होती, तुला न सांगता. आणि आंबर्डेकरांच्या कुलवृत्तांतासाठी तुझ्या बापाने सहा वर्षं घालवली आहेत, हे तूच कधीतरी त्याला सांगितलं होतंस म्हणे. खरं सांगतो, त्याला दारातूनच वाटेला लावायचं माझ्या मनात होतं. पण जुने कागद दिसले की माझं काय होतं ते तुला माहीत आहे, आणि तोवर आईने तवा चढवलाही होता.

एझ्रा हार्लन व्हिटकम, असं पूर्ण नाव. मी चष्मा पुसून जाहीर केलं, एझ्राच्या वडिलांचं नाव हार्लन. त्यात विचारायचं काय? मी संजय अण्णासाहेब, माझे वडील अण्णासाहेब. डॅनियलने मान डोलावली; मोठ्या माणसाला कळत असणार, असं त्याला वाटलं. मग तीन शनिवार आम्ही हार्लन व्हिटकमला शोधत होतो. जुनी शिरगणती, जमिनीचे कागद, चर्चची यादी, सगळं पालथं घातलं. खालचा झेरॉक्सवाला इद्रीस पानं मोठी करून देता देता कंटाळला, म्हणाला, “अंकल, ये हार्लन साब तो खलास, मिलेगा नहीं.” मी मात्र हार्लनला दाढीसुद्धा लावून मोकळा झालो होतो. तापट, हट्टी, मुलांशी मोजकं बोलणारा गृहस्थ असावा, असं आईला सांगितलं. ती म्हणाली, “स्वतःचंच वर्णन करताय.”

या भानगडीत खुद्द एझ्रा मात्र सापडत गेला, आणि काय माणूस गं! एकविसाव्या वर्षी ओहायोतून बैलगाडीने आयोवात आला. दोनशे सफरचंदाची रोपं लावली. हिवाळ्यात सशांनी साली कुरतडून टाकल्या, अकरा उरली. त्यावर भावाला लिहितो की बाग छान आहे, अकराही झाडांना मी नावाने ओळखतो! सत्तराव्या वर्षी गोठ्याच्या छपरावरून गवताच्या गंजीत पडला आणि कपडे झटकून जेवायला आला, हे तर पेपरात छापून आलंय. आईने ते कात्रण फ्रिजवर चिकटवलं आहे. दुसऱ्याच्या पूर्वजावर इतका जीव जडेल असं मला वाटलं नव्हतं.

चौथ्या शनिवारी आई मटार सोलता सोलता बायबलच्या पानावर वाकली आणि म्हणाली, “अहो, इथे लिडिया हार्लन लिहिलंय, लग्न सॅम्युएल व्हिटकमशी. हार्लन हे तर एझ्राच्या आईचं माहेरचं आडनाव!” डॅनियल म्हणाला, “ऑफ कोर्स, बाबा. आय थॉट यू न्यू.” आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. आईही हसली. मग खोक्याच्या तळातलं एझ्राचं लेकीला लिहिलेलं पत्र त्याने वाचून दाखवलं. एझ्राच्या आजोबांना लिडिया ही एकुलती मुलगी. आपलं नाव आपल्याबरोबर संपलं, असं ते येईल त्याला सांगायचे. एझ्रा जन्मला तेव्हा लिडियाने त्यांचं आडनाव उचलून त्याच्या नावाच्या मधोमध ठेवलं. त्या दिवसापासून म्हातारबुवांनी तो विषय काढला नाही, उलट नातवाला हाक मारताना पूर्ण नाव घ्यायचे. मी कसाबसा हसलो आणि बाल्कनीत जाऊन समोरच्या बिल्डिंगमधले वाळत घातलेले कपडे बघत उभा राहिलो.

कारण मला आपल्या कुलवृत्तांताचं पान दोनशे चौदा आठवलं. संजय अण्णासाहेब आंबर्डेकर, पत्नी संध्या, कन्या एक. आणि पुढे एकच शब्द, निर्वंश. मुलगा नसला की तसं लिहायचं, अशी जुनी पद्धत. मी ती डोळे मिटून पाळली, आणि वर तो कागद चुका तपासायला तुझ्याच हातात दिला! तू वाचलंस, पेनाला टोपण लावलंस आणि आत निघून गेलीस. पुढे डॅनियलशी लग्न ठरवलंस तेव्हा मी म्हणालो, त्याच्या घराण्याचं आपल्याला काय माहीत. लग्नात पाहुण्यासारखा मागच्या रांगेत बसलो, आणि त्यानंतर दीड वर्ष आपण दोघं फोनवर ‘बरे आहात ना’च्या पलीकडे गेलेलो नाही. जिवंत, हसत्या, माझ्यासारखंच नाक असलेल्या मुलीसमोर मी तो शब्द लिहिला. माझं चुकलं, उर्वी. मला त्याची लाज वाटते.

आता हे सगळं का लिहितोय ते सांगतो. कुलवृत्तांताची नवी आवृत्ती महिनाअखेर छापायला जाते. मी तो छापणाऱ्या आपल्या कुलमंडळाच्या शोभनाताईंना फोन करून सांगितलं की माझ्या पानावरचा तो शब्द काढा, आणि पुस्तकभर जिथे जिथे ‘कन्या एक, कन्या दोन’ आहे तिथे मुलींची नावं घाला; ती गोळा करायचं काम माझ्याकडे. त्या म्हणाल्या, “हे तुम्हाला आत्ता सुचतंय होय!” माझ्या पानावर आता ‘कन्या उर्वी, जावई डॅनियल’ असं आहे आणि खाली एक ओळ मोकळी आहे. त्या ओळीसाठी एक मागणं आहे. मुलगा होवो की मुलगी, पहिलं नाव तुमच्या आवडीचं ठेवा, शेवटी व्हिटकम येईलच. मधोमध आंबर्डेकर ठेवशील? डॅनियलला विचारलं तर तो म्हणतो, आय ओन्ली कॅरी द अळू, आस्क हर. तुला आठवा महिना, तू प्रवास करू नकोस. तुझ्या घरी मी अजून एकदाही आलेलो नाही; पुढच्या शनिवारी आई आणि मी येतोय, सोबत एझ्राचा खोका आणतोय. उत्तर ‘नाही’ असलं तरी दार उघड.

तुझाच,
बाबा
(ज्याचा वंश अल ऐनमध्ये सुखरूप आहे)