माझ्या जागी ताई

१२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, हे आईकडून कळलं. तुझ्या पार्लरने महिन्याची भरपगारी रजा दिली, हेही कळलं. जीव जळाला, खोटं कशाला सांगू? दोघी केसच कापतो. पण माझं मनगट सुजलंय आणि घरी बसले की हातात दमडी नाही. आमच्या मालकीणबाई म्हणतात की तू नोकर कुठेस, तू खुर्ची भाड्याने घेतलेली स्वतंत्र व्यावसायिक! मात्र यायची वेळ त्यांची, दर त्यांचे, ॲप्रनसुद्धा त्यांचा. नशीबच काढलंस बाई तू.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी धाकटी


२० जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

हेवा करणारीने आधी इकडे येऊन राहावं. आई शेजारीपाजारी सांगत सुटते, मोठी नोकरी करते, धाकटी मात्र स्वतःची मालकीण. अगं, तुला कात्री धरायला शिकवलं कोणी?

तरी ऐक. कामगार कार्यालयात तक्रार कर. आमची युनियनवाली म्हणाली, कागदावर काहीही असो, काम कोणाच्या हुकमाने चालतं ते बघतात. स्वतंत्र माणूस आपल्या जागी दुसऱ्याला पाठवू शकतो, नोकर नाही. गेल्या वर्षी तू तापाने पडलीस, तुझ्या जागी मी गेले, तर तुझ्या मालकीणबाईंनी दारातूनच परत पाठवलं. का, ते तुला सांगितलं नव्हतं. साक्षीला येते, तेव्हा कळेल.

मनगट शेकत जा. आशीर्वाद आहेतच, कुरकुरीसकट.

ताई


९ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

निकाल लागला! मी नोकरच, असं ठरलं. आजारपणाचा पगार मिळेल, रजाही.

सुनावणीत तू काठी टेकत उभी राहिलीस आणि सांगितलंस की, मालकीणबाई म्हणाल्या, गिऱ्हाइकं धाकटीच्या हातासाठी येतात, मोठीचा हात जड आहे, ती चालणार नाही. त्यावर बाई स्वतःच ठसक्यात म्हणाल्या, हो, म्हणाले होते. त्यांच्या वकिलाने कपाळाला हात लावला.

ताई, ते ऐकून आधी मला बरं वाटलं. मग तुझ्याकडे पाहिलं. तू काठीची मूठ चोळत होतीस, खाली बघून.

काय लिहू? तुझ्या पायाशी थोडी जागा असू दे.

धाकटी


१६ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुला बरं वाटलं ते दिसलं मला. बसमध्ये घरापर्यंत जळतच आले. इतकी वर्षं कात्री चालवते आहे, आणि हात जड म्हणे! तेही सरकारी माणसासमोर मीच बोलून दाखवलं, तुझ्यासाठी. आता रजाही तुझी, हातही तुझाच हलका.

रविवारी येते आहे. केस वाढलेत. तुझ्या खुर्चीत बसव आणि काप. एवढं काय आहे तुझ्या हातात, ते मला माझ्याच डोक्यावर बघायचंय.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायची घाई नको.

ताई