नववा नंबर माझा

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी पाचच अंगं टेकली आहेत. दोन्ही गुडघे आणि कंबर यांनी इथल्या चढावर राजीनामा दिला, तरी नमस्कार पूर्ण धरावा.) तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? भावजींचा खोकला गेला का, की अजून पहाटे खोकून आख्ख्या गल्लीला उठवतात? मी मजेत आहे. पुढचं वाचायच्या आधी गोळी घे आणि एका जागी बस. तुला उभ्याने भाजी ढवळत पत्र वाचायची खोड आहे, ती आजच्यापुरती सोड.

आधी बातमी सांगतो, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. तू मला ज्या कामासाठी धाडलंस ते फत्ते झालं. तुझी लेक, आपली भिंगरी, रविवारी माझ्याबरोबर घरी येते आहे. तुमचं मायलेकींचं ठरलंच होतं की हंगामाच्या या पहिल्या मोठ्या शर्यतीत ती पहिल्या आठात आली तर वर्षभर डोंगरावर सायकल पळवायला मोकळी, आणि नाही आली तर सायकल बंद, रक्त तपासायच्या लॅबमधली नोकरी सुरू. ती नववी आली. शब्द म्हणजे शब्द (या बाबतीत ती कोणावर गेली हे मी सांगायला नको), त्यामुळे बॅग भरून दाराशी ठेवली आहे. खरं तर पत्र इथेच संपायला हवं. पण हे पत्र जो तुझ्या हातात देणार तो इथला ड्रायव्हर, सुटे भाग आणायला तुमच्या बाजूला निघालेला, अजून चहा पितो आहे आणि कागद उरला आहे. म्हणून थोडं इकडचंतिकडचं लिहितो.

भिंगरीच्या संघाने डोंगराच्या पायथ्याशी एक घर भाड्याने घेतलं आहे. त्यात चांगल्या खोल्यांत सायकली राहतात आणि उरलेल्या जागेत माणसं. माझी खाट टायरांच्या मांडणीखाली आहे, त्यामुळे माझ्या अंगाला आणि उशीला आता रबराचा वास येतो. तुला ठाऊक आहे, माझी उभी हयात दुकानदारांची वजनंमापं तपासण्यात गेली. मी दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला की ताजव्यावरचा अंगठा आपोआप उचलला जायचा. इथे मात्र लोक आपखुशीने सगळं तोलतात! भात तोलतात, बटाटे तोलतात, बूट तोलतात, सकाळी उठून स्वतःला तोलतात. मेकॅनिक तर एक स्क्रू काढून त्याजागी दुसरा त्याहून हलका बसवतो आणि सोनारासारखा समाधानाने मान डोलावतो. मी म्हटलं, वा, आयुष्यात पहिल्यांदा सभ्य माणसांत आलो. (पहिल्या दिवशी मी दोनदा भात वाढून घेतला तेव्हा कोचबाईंनी नुसतं काट्याकडे बघितलं. मी दुकानात शिरल्यावर दुकानदारांना कसं वाटत असेल ते मला निवृत्तीनंतर कळलं.)

भाषण मी घरून पाठ करूनच निघालो होतो. तू सांगितलेले मुद्दे क्रमाने होते: मागच्या हंगामात मोडलेलं खांद्याचं हाड, त्याचा एक्स-रे तू कपाटामागे ठेवतेस आणि महिन्यातून एकदा काढून रडतेस ते, मग पगार, मग पेन्शन. पण भिंगरीला गाठायचं कधी? उजाडायच्या आत ती थंडीत बाहेर पडते आणि परत येते ती चिखलाने इतकी माखलेली, की आधी नळीने धुऊन मग ओळख पटवावी लागते. जेवताना बोलावं तर ती जेवते, म्हणजे नुसतीच जेवते, एखादं सरकारी काम करावं तशी. मग आडवी होते. मग व्यायामशाळेत जाऊन पाठीवर एवढं वजन घेते की मी पूर्वीच्या सवयीने पुढे होऊन त्यावरचे आकडे तपासले. खरे होते.

शेवटी मी कोचबाईंच्या गाडीत बसलो. भिंगरी चढ चढत होती, गाडी तिच्या शेजारून हळूहळू चालली होती, मी काच खाली केली आणि सुरुवात केली. "बोल मामा, ऐकतेय," ती म्हणाली, नजर रस्त्यावर. मी हाडापासून निघालो, पगारापर्यंत आलो, आणि पेन्शनच्या अलीकडे मला धाप लागली. (मी गाडीत बसलो होतो हे पुन्हा सांगतो.) ती मात्र एका लयीत पाय फिरवत होती. माझं भाषण संपलं, चढ संपला नव्हता. ती म्हणाली, "छान बोललास. पाणी दे." मग वर पोचल्यावर तिने काय करावं? वळली, खाली गेली आणि तोच चढ पुन्हा चढली. मी कोचबाईंना विचारलं, खाली काही विसरली का? त्या म्हणाल्या, नाही, हेच काम आहे. मग ती परत खाली गेली. आख्खी सकाळ हेच. मधूनच बाई तिच्या कानाच्या पाळीला बारीक सुई टोचून रक्ताचा थेंब काढत, यंत्रात बघत आणि "अजून आहे" एवढंच म्हणत. अजून काय आहे ते मला कळलं नाही, पण ताई, होतं. शेवटच्या खेपेला तिची मान खाली गेली होती, नाकातून पाणी वाहत होतं, आणि पाय तरीही तसेच फिरत होते. आपल्या घरात हे कुठून आलं? आपल्यात तर जिना चढल्यावर मधल्या पायरीवर बसायची रीत आहे.

आता त्या दगडाचं सांगितलंच पाहिजे. शर्यतीच्या आधी हे लोक सगळी वाट पायी हिंडून बघतात, वांगं निवडावं तसा एकेक दगड निरखतात. मीही गेलो. रानातून जाणारी पायवाट आहे, मुळं, चिखल, खड्डे, आणि एके ठिकाणी वाटच संपते. पुढे काळा ओला दगड, घराच्या छपरासारखा उतरता, आणि खाली लगेच वळण. मी म्हटलं, सायकली इथून कशा उतरवतात, दोर बांधून? मेकॅनिक म्हणाला, "बसून." मी शेजारचं झाड धरलं ते बराच वेळ सोडलं नाही. ज्यांना धीर होत नाही त्यांच्यासाठी बाजूने एक लांबची सोपी वाट ठेवलेली असते, पण तिने गेलं की वेळ जातो. मागच्या हंगामात भिंगरी पडली ती अशाच एका दगडावर. कोचबाई मला हळूच म्हणाल्या, पाय तयार आहेत, छाती तयार आहे, पण रोज त्या काठाशी येते आणि ब्रेक दाबून थांबते. पहिल्या आठात यायचं तर दगड उतरायलाच हवा. हे ऐकून मला आनंद झाला, ताई. म्हटलं, आपलं काम दगडच करतोय. मग ती काठाशी सायकल धरून एकटीच उभी दिसली, आणि तो आनंद काही टिकला नाही.

शर्यतीच्या सकाळी मी लवकर उठलो. भिंगरी जागच्या जागी फिरणाऱ्या दुसऱ्या सायकलीवर पाय गरम करत होती, मेकॅनिक हात धुवायला गेला होता, आणि तिची शर्यतीची सायकल एकटी भिंतीला टेकून होती. मी सहज टायर अंगठ्याने दाबून बघितला. मऊ! दुसरा बघितला, तोही मऊ. मी मनात म्हटलं, बघा, स्क्रू तोलत बसतात आणि साधी हवा भरायचं भान नाही. पंप तिथेच होता. मी दम लागेपर्यंत हवा भरली. टायर असे टणक केले की टिचकी मारली तर घुमावेत. मामा म्हणून आपण काहीतरी केलं याचं मला इतकं बरं वाटलं की एक बिस्किट न तोलता खाल्लं.

तुला म्हणून सांगतो, या सायकलींच्या टायरांत हवा मुद्दाम कमी ठेवतात. मऊ टायर दगडाला धरतो, टणक टायर उडतो. मेकॅनिकने ती पहाटे बारीक मापकाने मोजून ठेवली होती. आणि मी, ज्याने उभ्या जन्मात माप सोडून अंगठ्यावर विश्वास ठेवला नाही, तो नेमका त्या दिवशी अंगठ्यावर विसंबलो.

शर्यत सुटली. पहिल्याच मुळांवर भिंगरी फुटाण्यासारखी उडायला लागली. मेकॅनिकने तिच्याकडे बघितलं, मग पंपाकडे, मग पंपाच्या मुठीवर असलेल्या माझ्या हाताकडे. मी जागच्या जागी कबूल केलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "मामा, तुम्ही त्या दगडापाशी जाऊन उभे राहा." मी विचारलं, तिथे काय करू? "काही नाही. तिथे पंप नाही."

भिंगरीला वाटेत उतरून, अंदाजाने हवा सोडून पुन्हा बसावं लागलं, तोवर सगळा घोळका पुढे गेला. पहिल्या फेरीत दगडापाशी आली तेव्हा तिच्यामागे कोणी नव्हतं. ती सोप्या वाटेने गेली. माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच माझी मलाच लाज वाटली. दुसऱ्या फेरीत ती आली ती सरळ काठाकडे. मी डोळे मिटले, पण कान मिटता येत नाहीत. ती काहीतरी पुटपुटत होती. मी डोळे उघडले तेव्हा ती दगडावर होती. अंग मागे, हात सैल, सायकल तिच्याखाली पाण्यासारखी वाहत होती. आवाज फक्त रबराचा. खालचं वळण घेऊन ती झाडीत गेलीसुद्धा, आणि मी इतका मोठ्याने ओरडलो की शेजारचा छायाचित्रकार घसरून बसला. ताई, मी पासष्ट वर्षांत असं काही पाहिलेलं नाही. जिला आपण ताप आला की मांडीवर घेऊन बसायचो तीच ही, यावर माझा विश्वास बसत नव्हता. मग प्रत्येक फेरीला ती तिथूनच उतरली, तसंच पुटपुटत, आणि प्रत्येक फेरीला तिच्यापुढच्या पोरी कमी होत गेल्या. शेवटच्या फेरीत ती दगड उतरल्यावर मी आडवाटेने अंतिम रेषेशी पोचलो, तेव्हा आठव्या मुलीच्या मागच्या चाकाला हिचं पुढचं चाक जवळजवळ लागलं होतं. शर्यत तिथे संपली.

चिखलात फक्त दात दिसत होते, आणि ती हसत होती. मेकॅनिकने टायरचं सांगितलं. ती म्हणाली, "मामाला कुणी काही बोलायचं नाही. शर्यत ती शर्यत." मग सायकल स्वतः धुतली, पुसली, भिंतीला लावली आणि आत जाऊन बॅग भरायला लागली. कोचबाई अंगणात नुसत्या उभ्या होत्या. मी टायरांखाली खाटेवर बसून रडलो. असो. तर अशी सगळी मजा चालली आहे. ड्रायव्हरचा चहा संपला. भावजींना नमस्कार, त्यांना सुंठ-मध दे.

तुझा आज्ञाधारक
धाकटा

ता. क. तू सांगितलेलं काम केलं, आता माझं ऐक. ताजव्यावर अंगठा ठेवणाऱ्यांना मी जन्मभर दंड केला. या वेळी अंगठा माझा होता. अंगठा ठेवून केलेलं माप रद्द होतं, हा कायदा आहे, आणि तो तुम्हा मायलेकींनाही लागू आहे. नववा नंबर तिचा नाही, माझा आहे. तिला शब्दातून मोकळं कर. ती स्वतः मागणार नाही, तिने मलाही लिहायला मनाई केली आहे. याच डोंगरावर पुढच्या आठवड्यात दुसरी शर्यत आहे. परतीच्या वाटेवर ड्रायव्हरच्या शेजारची जागा रिकामी आहे. सुटे भाग मागे ठेवतात.

ता. क. दुसरा: आम्ही रविवारी येत नाही. आम्हाला स्टेशनवर सोडणार होती त्या कोचबाईंच्या गाडीची चारही चाकं आज दुपारी बसलेली आढळली. हवा भरण्यातला माझा हात तुला कळलाच, सोडण्यातलाही वाईट नाही. बाईंनी मला करताना पाहिलं आणि त्या दुसरीकडे बघू लागल्या.

ता. क. तिसरा: काठावर ती काय पुटपुटते ते लिहायचं राहिलं. "खाली नको बघू, पुढे बघ, मी धरलंय." मला सायकल शिकवतानाही तू हेच म्हणायचीस. मी खाली बघितलं आणि गटारात गेलो, म्हणून शब्दन् शब्द पाठ आहे. तिच्या वेळीही तू गल्लीतून हे ओरडत मागे धावायचीस, आणि हात केव्हाच सोडलेला असायचा. मी ओट्यावरून बघत होतो. तेव्हा सोडायला तू घाबरली नव्हतीस, ताई.