माकुळाच्या बांगड्या

उत्रोली, ता. भोर
३० मार्च १९६९

चि. सौ. कमळीस,
धोंडाअक्काचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आमी हितं खुशाल. तुझ्या छातीचं दुखणं आता कसं हाय ते आधी लिहावं, मग बाकीचं. तुझे दाजी बांध घालायला लागलेत. कंबर धरली तरी ऐकत न्हाईत. शेळी व्याली, दोन करडं, दोन्ही बोकड. दूध कमी आणि उड्या लई, अशी गत.

पत्राला कारण रतन. आता तिची सातवीची परीक्षा होईल. आठवीला तिला हितं पाठव. भोरला हायस्कूल हाय, उत्रोलीच्या चार पोरी रोज चालत जातात, हसत जातात, हसत येतात. तुमच्या एका खोलीत तिनं अभ्यास करायचा कुठं? तू दवाखान्यात पडलीस तवा वर्साचं लेकरू माझ्या वट्यात घातलंस. नऊ वर्साची करून तुझ्या हाती दिली. तवा मला बय म्हणायची. आता सुट्टीत आली की मावशी म्हणती. म्हणू दे, पण घर तर तिचंच हाय न्हवं?

आणि एक. तुझे मालक सोपानराव भाताच्या झोडणीला आले तवा सांगत होते की रतनला माकुळाच्या बांगड्या लई आवडतात, तू केल्यास की ताट पुसून खाती. भोरच्या बाजारात वल्लं माकूळ कुणी बघितलंय? हितं सुकट न् बोंबील. पण महाडच्या गाडीवरचा कंडक्टर गेनू आपल्यातलाच, तो बरफात घालून आणीन म्हणतो. ह्या मे महिन्यात पोरीला हितं करून घालायच्या हायत. रीत लिहून धाड. दर्यातल्या किड्याला हात लावायचा, तर नीट समजून लावलेला बरा.

बारक्या अक्षराला हसू नको. रात्रीच्या वर्गात कंदिलाखाली शिकलेलं हाय ते.
तुझी माया आटू देऊ नको.
धोंडाअक्का

*

माझगाव, मुंबई
१२ एप्रिल १९६९

ती. स्व. अक्कास,
कमळाचा पायांवर डोकं ठेवून जयभीम. वि. वि.

पत्र पावलं. माझी छाती ठणठणीत आहे, अक्का. सहा वर्षं झाली, खोकला नाही. दर पत्रात तू विचारतेस आणि दर पत्रात मी हेच लिहिते. दाजींना म्हणावं, बांध पळून जात नाही.

रतनचं म्हणशील तर मी आणि हे बोललो. ती मोठी झाली. मे महिन्यात ती तुझ्याकडे येईलच. तिथं राहून शिकायचं असं ती आपल्या तोंडानं म्हणाली, तर मी अडवणार नाही. हा माझा शब्द. पण तू तिच्या मागं लागायचं नाही, आणि मीही लागणार नाही.

आता माकूळ. हे गोदीतून येताना आणतात. डोकं धरून ओढलं की आतलं सगळं बाहेर येतं. शाईची पिशवी फोडू नकोस, नाहीतर हात काळे आणि दाजींची थट्टा वेगळी. आत काचेसारखा एक काटा असतो, तो काढ. वरचं जांभळं साल सोल. मग आडवं काप, आपोआप बांगड्या पडतात. हळद, मीठ, लसूण, तिखट लाव. आधी मैद्यात घोळव, मग फेटलेल्या अंड्यात, मग वाळवलेल्या पावाच्या चुऱ्यात. तेल कडकडीत हवं. टाकायचं, रंग आला की लगेच काढायचं. हे सगळ्यात महत्त्वाचं. जास्त ठेवलंस तर रबर होईल. आणि आधी उकडू नकोस. तुझा वजडी करायचा हात मला ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. हे मटण नव्हे.

आमच्या शेजारणी म्हणतात, माझ्यासारख्या कुणालाच जमत नाहीत. तुला जमल्या तर आनंदच आहे.
लहान बहिणीवर नजर राहू दे.
कमळा

*

उत्रोली
२६ मे १९६९

चि. सौ. कमळीस,
आशीर्वाद. वि. वि.

रतन काल गाडीत बसली, पोचली असंल. सोपानराव उतरवून घ्यायला आले व्हते का ते कळवावं.

तुझ्यापासून काय लपवू? लपलं तरी पोर सांगंलच. गेनूनं माकूळ आणलं, भुशात बरफ, बरफात डबा. ते बघाया आख्खी आळी गोळा झाली. शेजारच्या फुलाबाईनं तर ते आधी धुवायचं का आधी शिवायचं, असं इचारून घेतलं. साफ केलं, काटा काढला, बांगड्या कापल्या. पाव वाळवून पाट्यावर चुरा केला. इथवर सगळं तुझ्या रीतीनं.

मग म्या त्या उकडल्या.

तू उकडू नको लिहिलंस ते वाचलं व्हतं, दोनदा वाचलं. पण कमळे, जे आतड्यागत दिसतं ते नुसतं तेलात बुचकळून पोरीच्या पानात कसं वाढू? आणि खरं सांगते, मनात आलं की हिनं मुद्दामच लिहिलं असंल. कच्चं खाऊन पोरीचं पोट बिघडलं, की ही म्हणायला मोकळी, बघ अक्काकडं ठेवली की काय होतं. म्हणून वजडीला देते तशी चांगली कढ दिली. आवळून आल्या. आणखी ठेवल्या, आणखी आवळल्या. मग चुऱ्यात घोळवून तळल्या. वरून अशा सोन्यावानी दिसत व्हत्या की काय सांगू.

तुझ्या दाजींनी एक तोंडात घातली, लई येळ हलवली, बाहेर जाऊन कुत्र्याला टाकली. कुत्रं हुंगून पुन्यांदा ह्यांच्याच मागं आत आलं. हे म्हणाले, अगं माझी वहाण तुटलीय, दोन ह्यातल्या ठेव, अंगठ्याला व्हतील. मी हसले, काय करणार. रतन हसली न्हाई. पानातल्या सगळ्या खाल्ल्या. एकेक चावत राहिली. म्या इचारलं, आईच्या चांगल्या का ह्या? ह्याच म्हणाली.

मग म्या इचारलं. लागायचं न्हाई असं ठरलं व्हतं, पण माझ्यानं राहवलं न्हाई. म्हटलं, रतने, ऱ्हातीस का हितं? खाली बघून म्हणाली, तुम्ही दोघी ठरवा. हे काय उत्तर झालं? सांग मला. लहानपणी पाणी पाहिजे तर पाणी म्हणून वरडायची ती पोर.

माझं म्हणणं, पोर तुला भिऊन बोलली न्हाई. शाळा सुरू व्हायच्या आत तिला पाठव. पुढच्या बारीला तू लिहिलंस तसंच करीन.
राग धरू नको, धरलास तर फार दिस ठेवू नको.
धोंडाअक्का

*

माझगाव, मुंबई
३ जून १९६९

ती. अक्कास,
जयभीम. वि. वि.

पत्र वाचून हातातलं काम राहिलं.

माकूळ वाया गेलं त्याचं मला काही नाही. पण मी मुद्दाम चुकीचं लिहीन, माझ्याच लेकीच्या पोटावर उठेन, हे तुझ्या मनात आलं. आलंच, वर तू ते लिहिलंस. अक्का, मी दवाखान्यातून बरी होऊन आले तेव्हा डॉक्टरांचा कागद तुला दाखवला. तू म्हणालीस, कागदाचं काय, खोकला परत येईल. आणि दोन वर्षं पोर दिली नाहीस. मी भोरच्या स्टँडवर उतरायचे, तिला बघायचे, ती तुझ्या पदराआड जायची. परतीच्या गाडीत मी खिडकीकडं तोंड करून बसायचे. सहा वर्षं तू केलंस, त्यासाठी तुझे पाय धरले. शेवटची दोन तू घेतलीस.

रतन मला भीत नाही. घरी आल्यावर मीही विचारलं, खोटं कशाला बोलू, मलाही राहवलं नाही. विचारलं, मावशीच्या चांगल्या का माझ्या? तुझ्याच म्हणाली. त्या रविवारी पुन्हा केल्या. तिनं सगळ्या खाल्ल्या. हे तुला कळावं म्हणून लिहिते आहे.

ती राहते म्हणाली नाही. माझा शब्द तिच्या हो म्हणण्यापुरता होता. ती इथंच शिकेल. पुढच्या मेमध्ये तिला पाठवायचं की नाही, ते तेव्हा बघू.
दाजींना नमस्कार सांगावा. पत्राची वाट पाहू नये.
कमळा

*

पुणे
२२ जून १९६९

ती. स्व. मावशीस,
रतनचा सविनय जयभीम. वि. वि.

मी खुशाल आहे. असंच पत्र आईलाही लिहिलं आहे, म्हणजे कुणाला जास्त लिहिलं असं होणार नाही.

मी पुण्यात मुलींच्या वसतिगृहात आले आहे. आमच्या वर्गाच्या बाईंनी मार्च महिन्यातच विचारलं होतं. मी नाही म्हणाले होते. तुझ्याकडून आल्यावर मीच त्यांच्याकडे गेले. बाबांनी सही केली. आई दोन दिवस बोलली नाही. बाबा म्हणाले, मावशीला तू स्वतः लिही, म्हणून लिहिते आहे. रागावू नकोस.

तू विचारलंस तेव्हा मी उत्तर दिलं नाही, कारण हो म्हटलं असतं तर आई रडली असती आणि नाही म्हटलं असतं तर तू. माकुळाचंही तसंच. खरं म्हणजे मला माकूळ आवडत नाही. पहिल्यांदा मुंबईला गेले तेव्हा आईनं फार हौसेनं केलं होतं. मला रात्री तुझी आठवण यायची आणि ते तिला कळू नये म्हणून मी सगळं खाल्लं. तेव्हापासून ती सगळ्यांना सांगते, रतनला आवडतं. मग बाबांनी तुला सांगितलं. तुझ्याकडे येताना मी गाडीत ठरवत होते की आल्याआल्या तुझ्याकडे चटणी-भाकरी मागायची. पण अंगणात बरफाचा डबा होता आणि तू आळीतल्या बायकांना हाक मारून मारून सगळं दाखवत होतीस.

इथं सकाळी पाच वाजता उठवतात. आमटी पातळ असते, भात कधी कधी करपतो. ताट घेऊन रांगेत बसायचं, खायचं, आपलं ताट आपण घासायचं. कुणी माझ्या तोंडाकडे बघत बसत नाही. मी पोटभर जेवते.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी घरच्यांना भेटता येतं. तू एका महिन्यात ये, आई दुसऱ्या महिन्यात येईल. दोघी एकाच रविवारी येऊ नका. आणि येताना काही करून आणू नका.

काकांना जयभीम. माझ्यावरचा लोभ आहे तेवढाच असू द्यावा, ही विनंती.
रतन