पाठमोरा स्वेटर

अहो,

तुम्ही गेल्यावर तुमचे कपडे इथल्या सामायिक कपाटात गेले. या वृद्धनिवासाची तशी रीतच आहे, मीही हो म्हटलं. पण कोपराला मी रफू केलेला तुमचा तपकिरी स्वेटर घालून समोरच्या खोलीतले ड्रायव्हरदादा जेवायला आले, तेव्हा माझं डोकंच फिरलं. सगळ्यांदेखत म्हटलं, "काढा तो!" बिचाऱ्यांनी निमूट काढला आणि दिवसभर कुडकुडत बसले. आया म्हणाली, "आजी, गेलेल्या माणसाला कसली आलीय थंडी?" तिच्या जिभेला हाड म्हणून नाही.

शेवटी स्वेटर मीच परत नेऊन दिला. अट एकच घातली, दुपारी त्यांनी तुमच्या नेहमीच्या खिडकीशी बसायचं, माझ्याकडे पाठ करून. ते बसतात. मी मागे मटार सोलत बसते.

काल सवयीने तोंडातून निघून गेलं, "अहो, ऊन डोळ्यांवर येतंय का?"

एरवी ते मला ताई म्हणतात. काल मागे न वळता म्हणाले, "राहू दे गं. बरं वाटतंय."

मी पुढे जाऊन चेहरा पाहिला नाही.

आज आया स्वेटर धुवायला न्यायला आली होती. मी नेऊ दिला नाही.

तुमची,
मागच्या खुर्चीवरून